सहाशेच्या वर

मेहकर,
दि. २४ ऑगस्ट १९७६

माणिकराव यांस,

सात वर्षांनी माझं अक्षर पाहून तुम्ही पाकीट न फोडताच बाजूला टाकाल अशी धास्ती आहे. तसं करू नका. पत्र कामाचं आहे. पुण्याच्या नव्या यंत्र विभागात, कॉम्प्युटरच्या कामावर, तुम्ही परत आलात असं कळलं, म्हणून थेट तुम्हालाच लिहिते.

मी इथे मेहकरला मुलींच्या शाळेत गणित शिकवते. परवा रविवारी नववीच्या मुलींना घेऊन पिंपळदरा धरणावर गेले होते. माझं माहेर उमरदरी या धरणाच्या खाली तीन मैलांवर आहे, आई अजून तिथेच राहते. धरणाचे दरवाजे पुंजाजी नावाचे चौकीदार सांभाळतात. त्यांनी मुलींना दरवाजे उचलायची चाकं दाखवली, पाण्याची पातळी मोजायची पट्टी दाखवली. मग पेटीतून फडक्यात बांधलेलं एक पुस्तक काढलं. कडेला भोकं असलेल्या कागदाचं, कॉम्प्युटरवर छापलेलं. "पट्टीवर पानी पाहाचं, पुस्तकात दरवाजा पाहाचा. आपलं डोकं लावाचं नाही," असं ते मुलींना मोठ्या अभिमानानं सांगत होते.

पहिल्या पानावरच कळलं, हे आपलं आहे, पुण्याच्या ऑफिसात आपण दोघांनी केलेलं. रकाने तेच, पातळीचे दोनच आकडे आणि पुढे एक दशांश, तेही तसंच. यंत्रासाठी भोकं टोचायच्या कार्डावर जागा पुरेना म्हणून आपण पातळीचे पुढचे आकडे गाळले होते. पिंपळदऱ्याचं पाणी एकोणीसशे पंचावन्न फुटांपासून एकोणीसशे पंच्याऐंशीपर्यंत. एकोणीसशे काही बदलत नाहीत, मग ते दर कार्डावर कशाला टोचायचे? अकराही धरणांना ते लागू होत होतं. कल्पना माझी होती. आपल्या साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती.

या मे महिन्यात पट्टी पुसून मीटरमध्ये रंगवली. पुस्तकही मीटरचं आलं. एकोणीसशे पंचावन्न फूट म्हणजे पाचशे पंच्याण्णव मीटर आणि नऊ दशांश. एकोणीसशे पंच्याऐंशी म्हणजे सहाशे पाच. मधे सहाशे येतात, माणिकराव. पुस्तकात नव्याण्णव-नऊच्या पुढे काही नाही. सहाशेचा सहा गाळला की उरतं शून्य-शून्य, आणि ते पहिल्या पानावर आहे, सगळ्यांत खालची पातळी म्हणून, जणू धरणाचा तळ दिसतो आहे. तिथून शून्य-पाचपर्यंत प्रत्येक ओळीत दरवाज्यांपुढे शून्य छापलं आहे. म्हणजे सहाशेच्या वर पाणी गेलं की पुस्तक सांगतं, सगळे दरवाजे बंद करा.

पाण्याची खोली वजा आली तर यंत्रानं तिथेच थांबायचं, अशी एक तपासणी तुम्ही घातली होती ना? ती असती तर हे पुस्तक छापलंच गेलं नसतं. ती कुणीतरी काढलेली दिसते. कृपा करून पाहा आणि नवी पुस्तकं पाठवा. परवा पाणी ५९८.१ होतं.

आपली,
सिंधू


मेहकर,
दि. ८ सप्टेंबर १९७६

माणिकराव,

उत्तर नाही. पोस्टमनची वेळ झाली की वर्गात माझं चित्त लागत नाही.

पाणी ५९९.२ झालं. पुंजाजी दर शनिवारी बाजाराला इथे येतात, त्यांच्याकडून कळतं. मी का विचारते याचं त्यांना नवल वाटतं. मुलींना गणितं घालायला हवं असतं, असं मी त्यांना सांगितलं आहे.

गेल्या गुरुवारी मी शाखा अभियंता उत्तमराव यांना भेटले. पिंपळदरा त्यांच्याकडे आहे. सहाशेच्या वर पुस्तकात काय आहे ते एकदा पाहाल का, एवढंच विचारलं. ते हसले. म्हणाले, "बाई, ते मशीननं काढलेलं आहे. माणसानं काढलं असतं तर मी पाहिलं असतं." मग त्यांनी विचारलं, यातलं तुम्हाला काही कळतं का? मी म्हटलं, नाही, सहज विचारलं. आणि चहा पिऊन परत आले.

आमचे यजमान भगवानराव तहसिलीत कारकून आहेत. ते म्हणतात, हे दिवस असलं बोलायचे नाहीत. धरणाला धोका आहे असं गावात कुणी म्हटलं, तर आणीबाणीत त्याला अफवा म्हणतात, आणि अफवेला जामीन मिळत नाही. त्यांचं खोटं नाही. पण मी उत्तमरावांसमोर गप्प बसले ती त्या भीतीनं नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं, तपासणी कुणीतरी काढलेली दिसते. ती मी काढली. तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. पण मी तुमच्यासमोर कधी कबूल केलं नाही, म्हणून आता लिहिते.

साहेब मुंबईहून आलेल्या वरिष्ठांना काम दाखवणार होते तो दिवस. सकाळी यंत्र तुमच्या तपासणीवर चारदा थांबलं. कुठे कार्ड चुकीचं टोचलं होतं, कुठे दशांश सरकला होता. साहेब घड्याळ पाहत होते. तुम्ही म्हणालात, थांबू द्या, थांबतं आहे म्हणजे सांगतं आहे. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही खाली गेलात. मी तुमची चार कार्डं गठ्ठ्यातून काढली आणि एकच नवं घातलं: वजा आलं तर शून्य धर. दुपारी यंत्र एकदाही थांबलं नाही. साहेब खूश झाले.

तुम्ही तक्रार केलीत तेव्हा साहेबांनी मला खोलीत बोलावलं. मी म्हटलं, माणिकरावांनीच काढायला सांगितलं होतं. चार शब्दांचं वाक्य. तुमची बदली भांडारात झाली, खिळे-नट मोजायला. त्या ऑफिसात आपण दोघंच बुलढाण्याकडचे. तुम्ही धामणगाव बढ्याचे, मी उमरदरीची. आपण 'का'च्या जागी 'काऊन' म्हटलं की बाकीचे हसायचे, आणि तुम्ही मुद्दाम आणखी मोठ्यानं म्हणायचे. त्या चार शब्दांनंतर मी त्या ऑफिसात 'काऊन' कधी म्हटलं नाही. वर्षभरात नोकरी सोडून इकडे आले.

ते कार्ड अजून गठ्ठ्यात आहे. यंत्र बदललं, फुटांचे मीटर झाले, माणसं बदलली, गठ्ठा मात्र तसाच उचलून नव्या यंत्रात घातला. चाललेल्या कामाला कोण हात लावतो?

माझ्यावरचा राग ठेवा. पण पुस्तक थांबवा.

सिंधू


मेहकर,
दि. १५ सप्टेंबर १९७६

माणिकराव,

काल तुमच्या ऑफिसला तार केली. पोचली असेल. तुमच्या नावानं होती म्हणून ती कुणी उघडली नसेल, किंवा तुम्ही रजेवर असाल, किंवा वाचून गप्प असाल. मी तिन्ही गोष्टी आलटून पालटून खऱ्या मानते.

पाणी ५९९.७. सोमवारपासून झड लागली आहे. वरच्या डोंगराकडे आभाळ काळं आहे.

उद्या उमरदरीला जाते. आईला घेऊन येते. निदान तेवढं.

सिंधू


उमरदरी,
दि. १९ सप्टेंबर १९७६

माणिकराव,

तुम्ही हे वाचाल की नाही हे आता मनात नाही. घडलं ते क्रमानं लिहिते.

गुरुवारी संध्याकाळी मी आईकडे आले. आमची वस्ती नदीला लागून आहे. आईला म्हटलं, चार दिवस मेहकरला चल. ती म्हणाली, "काऊन? नदी काय आज पाह्यली का म्या? शेळी कोन पाहीन?" कारण सांगायचं धैर्य मला झालं नाही. धरणाचं पुस्तक चुकलं आहे म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, तुले कसं माहीत.

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला बाया पाणवठ्यावरून हसत आल्या. नदी उतरली होती. तीन दिवस तांबडं पाणी काठाला लागून वाहत होतं, ते तासाभरात गुडघ्याखाली आलं. माणसं पात्रात उतरली. कुणी डबक्यातले मासे धरत होतं, कुणी धुणं घेऊन गेलं, कुणी ढोरं बांधली. आई म्हणाली, पाह्य, तू उगाच भीत होती.

पाऊस मात्र थांबला नव्हता. अंगणात उभी राहून मी डोंगराकडे पाहत होते. तिकडे धो धो चालू होता आणि नदी उतरत होती. पाणी सहाशेच्या वर गेलं होतं, आणि पुंजाजींनी पुस्तक पाहून दरवाजे बंद केले होते.

तीन मैल मी कशी गेले ते नीट आठवत नाही. चिखलात चपला राहिल्या. पोचले तेव्हा साडेदहा झाले असतील. पुंजाजी चौकीत पोतं पांघरून बसले होते. फोन बुधवारपासून मुका होता. सोबत रोजंदारीवरचे मोतीराम होते, आमच्या उमरदरीचेच. मी पट्टी पाहिली. ६००.९. सकाळी आठला ६००.१ होतं, असं पुंजाजींनी सांगितलं.

मी म्हटलं, दरवाजे उघडा. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, बाई, पुस्तकात शून्य आहे. त्यांनी पान दाखवलं. मी त्यांना सगळं सांगितलं. सहाशेचे सहा गाळले आहेत, पुस्तकाला वाटतं धरण रिकामं आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, पुस्तक सरकारी आहे, तुम्ही शाळेच्या बाई.

"हे पुस्तक मीच केलं होतं," मी म्हटलं. "पुण्यात. चूक माझीच आहे."

पुंजाजींनी पुस्तक मिटलं. "तवा चुकल्या म्हन्ता," ते म्हणाले. "मंग आज काऊन नाही चुकनार?"

मी गणितं सांगायला लागले, अडीच तासांत ऐंशी सेंटीमीटर, असं. ते ऐकत नव्हते. ते उठून दरवाज्यांकडे गेले, वाकून खाली पाहिलं, एका चाकाला हात लावून थोडं हलवून बघितलं. परत आले तेव्हा चेहरा बदललेला होता. म्हणाले, चाक आत्ताच जड झालं आहे. आणखी हातभर पाणी चढलं तर चार माणसांनीही फिरणार नाही. पुस्तकातलं त्यांना सांगता येत नव्हतं, पण चाकाचं कळत होतं.

"लिहून द्या," ते म्हणाले. मी त्याच पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं, माझ्या सांगण्यावरून दरवाजे उघडले, आणि सही केली. हात ओले होते, शाई पसरली.

तेवढ्यात मला पात्रातली माणसं आठवली. उघडलं तर ती सगळी जाणार होती. मोतीरामांना मी सांगितलं, काठाकाठानं पळा, सगळ्यांना वर काढा, आणि पात्र रिकामं झालं की इथून दिसणाऱ्या टेकाडावरून धोतराचं पांढरं फडकं दाखवा. ते लगेच निघाले. मी सांगितलं म्हणून निघाले, हे नीट लिहिते.

सव्वा तास आम्ही दोघं चाकापाशी उभे होतो. माझी नजर पट्टीवर होती, पुंजाजींची टेकाडावर. सहाशे एक, एक-दोन, एक-तीन. पाणी चढताना आवाज करत नाही. आई पात्रात उतरली होती का, हे मी निघताना पाहिलं नव्हतं. ते मी पुंजाजींना बोलले नाही. त्यांच्या दोन मुली खालच्याच गावात दिल्या आहेत, तेही ते बोलले नाहीत.

मग फडकं दिसलं.

पहिला दरवाजा उचलला, दुसरा उचलला. तिसरा अडकला, तो दुपारी उत्तमराव माणसं घेऊन आले तेव्हा निघाला. पाणी ६०३.४ वर जाऊन थांबलं आणि संध्याकाळी खाली यायला लागलं. बांध राहिला. उमरदरीत काठची ज्वारी गेली, नदीतला फरशी पूल गेला. आई वर देवळाच्या ओट्यावर शेळीला धरून बसली होती. तिला मोतीरामांनी हाताला धरून वर नेलं होतं.

मोतीराम परत आले नाहीत. लोक सांगतात, फडकं दाखवल्यावर त्यांना खाली खुंट्याला बांधलेलं एक वासरू दिसलं. पाणी यायला वेळ आहे असं त्यांना वाटलं असेल. ते उतरले. काल दुपारी दोन कोसांवर बाभळीत सापडले.

अकरा धरणांच्या फुटांचे आकडे मला पाठ आहेत, ते सगळे मीच टोचले होते. आज बसून मीटर केले. नऊ ठीक आहेत. पिंपळदऱ्याशिवाय आणखी एकच शंभरीला ओलांडतं, कोळदरी. तिथे पाचशे मधे येतात. तिथल्या चौकीदाराला मी आज तार करते आहे. माझ्या तारेवर तो का विश्वास ठेवील? म्हणून तुम्हालाही तीच तार करते आहे.

सिंधू


मेहकर,
दि. ३ ऑक्टोबर १९७६

माणिकराव,

बावीस तारखेला कोळदरीहून तार आली: पुण्याचे माणिकराव काल येथे पोचले, पुस्तक कुलपात, पाणी सोडणे चालू. मी ती चार-पाच वेळा वाचली. तुम्ही मला एक ओळ लिहिली नाहीत आणि स्वतः तिथे गेलात. मला लिहिलं असतं तर कदाचित गेला नसता. तुमचं हेच बरोबर होतं.

इकडचं लिहिते. उत्तमरावांनी अहवालात लिहिलं होतं की चौकीदारानं पुस्तक चुकीचं वाचलं आणि पाऊस चालू असताना दरवाजे बंद केले. पुंजाजींना निलंबित केलं. त्यांना निरोप आला तेव्हा त्यांनी पुस्तक फडक्यात बांधून परत दिलं, माझ्या सहीचं मागचं पान फाडलं नाही, कुणाला दाखवलंही नाही. उत्तमराव मला भेटून म्हणाले, बाई, पुस्तकाचं प्रकरण वरपर्यंत जाईल, नवं यंत्र मोठ्या लोकांनी आणलं आहे. चौकीदार काय, सहा महिन्यांत परत लागेल. तुमचं नाव कुठेच नाही.

ती माझी सुटका होती. मला हवी होती, हे लपवत नाही. दोन दिवस मी काही केलं नाही.

मग बुलढाण्याला जायचं ठरवलं. भगवानरावांची नोकरी जाईल, मला पकडतील, शाळा जाईल, हे सगळं ते बोलले. तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी पहाटे माझ्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत आले आणि खिडकीतून डब्याची पिशवी दिली.

चौकशी अधिकारी वयानं लहान होते. मी एकोणसत्तर सालापासून सुरुवात केली. चार कार्डं, एक कार्ड, साहेबांच्या खोलीतलं ते वाक्य. त्यांनी मधेच लेखणी ठेवून विचारलं, तुम्हाला हे बोलायची गरज काय? मी म्हटलं, पुंजाजींनी पुस्तक बरोबर वाचलं. त्यांनी ते लिहून घेतलं. तुमचं नाव जबाबात दोन ठिकाणी आहे, माझ्या त्या खोट्या वाक्यात आणि तुम्ही यंत्राला थांबू द्या म्हणाला होतात तिथे. पुढे काय होईल माहीत नाही. दारापाशी कुणाची सायकल थांबली तरी मी उठून खिडकीतून पाहते. पुंजाजींना अजून कामावर घेतलेलं नाही.

काल उमरदरीला मोतीरामांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोचं नाव तानुबाई. ती माझ्यापेक्षा लहान असेल. ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. आईनं सोबत यायचं म्हटलं होतं, मी नको म्हटलं.

मी तिला सांगितलं. तुम्हाला सांगितलं तसं क्रमानं नाही जमलं. पुस्तक चुकीचं होतं, ते मी केलं होतं, आणि तुमच्या मालकांना खाली मी पाठवलं. ती शेंगा फोडत राहिली. मग तिनं विचारलं, "तुमाले माहीत होतं, पुस्तक चुकलं म्हनून?"

मी म्हटलं, हो.

"कवापासून?"

"बावीस ऑगस्टपासून."

तिनं शेंगा खाली ठेवल्या. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत त्या शुक्रवारपर्यंत मोजायला लागली. ओठ हलत होते. एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मला आकडा ठाऊक होता, पण मी सांगितला नाही.

"सव्वीस दिस," ती म्हणाली, आणि शेंगांचं सूप उचलून आत गेली.

सिंधू